परदेशी जाणाऱ्याची औषधाची पिशवी

कोकणातल्या मुसलमान घरातून कुणी परदेशी निघालं की बॅग भरण्याचा एक ठरलेला शिरस्ता असतो. सुकी मच्छी तिहेरी पिशवीत बांधली जाते, तिचा वास बाहेर येतो का हे नाक लावून पाहिलं जातं. आंब्याचं लोणचं, घरचा मसाला, कोकमं, तांदळाच्या पिठाची पिशवी, वर शेजारच्या खालाने तिच्या मुलासाठी दिलेला डबा. वजनकाट्यावर बॅग दोनदा चढते. अर्धा किलो जास्त झालं की काय काढायचं यावर घरभर चर्चा होते. आणि हे सगळं आटोपल्यावर, बहुतेक वेळा निघायच्या दिवशी, कुणाला तरी आठवतं की गोळ्या राहिल्या. मग एक माणूस मेडिकलवर धावतो, सर्दी-तापाच्या, पित्ताच्या, अंगदुखीच्या पट्ट्या घेऊन येतो आणि त्या कपड्यांच्या घड्यांमध्ये जागा मिळेल तिथे खुपसल्या जातात.

लोणच्याच्या बरणीला जेवढी अक्कल आपण खर्च करतो तेवढी औषधाच्या पिशवीला का करत नाही, हा माझा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. पण ज्या गावांत दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी कुवेत, दुबई, दोहा, जेद्दा नाही तर लंडनला आहे, अशा गावांत वाढलेल्या माणसाला या विषयावर बोलायचा थोडा हक्क असावा. आणि मला जे म्हणायचं आहे ते गोळ्यांपुरतं नाही. औषधाच्या त्या पिशवीत आपल्या सगळ्या सवयी दिसतात. चिठ्ठीशिवाय औषध घेणं, दुसऱ्याचं सामान न पाहता उचलणं, आणि आजार झाकून ठेवणं. गावात या सवयी खपून जातात. विमानतळावर खपत नाहीत.

पूर्वी हा प्रश्न एवढा मोठा नव्हता. सत्तरच्या दशकात आखाताचं दार उघडलं तेव्हा जाणारे बहुतेक तरुण होते. बाविशी-पंचविशीतला गडी, मनगटात बळ, त्याला औषध कशाला लागणार? आज चित्र निराळं आहे. आता जाणारा गडी पन्नाशीतला आहे, त्याला साखर आहे, रक्तदाब आहे, पाठीचा मणका सरकलेला आहे आणि अजून मुलीचं लग्न व्हायचं आहे म्हणून तो सुट्टी संपवून परत जातो. मुलगा तिकडे स्थिरावला म्हणून अम्मी-अब्बा सहा सहा महिने नातवंडांकडे राहायला जातात, त्यांच्या तर पिशवीतच अर्धं मेडिकल असतं. लग्न होऊन मुली मँचेस्टरला, मस्कतला जातात. मुलं शिकायला जर्मनीला, कॅनडाला जातात. म्हणजे आता देश सोडणाऱ्यांत आजारी माणसं आहेत, म्हातारी माणसं आहेत, रोजच्या गोळीवर जगणारी माणसं आहेत. बॅग भरायची रीत मात्र अजून त्या बाविशीतल्या गड्याचीच आहे.

आधी कायद्याचं पाहू. आपल्याकडे जी गोळी साधी समजली जाते ती दुसऱ्या देशात अमली पदार्थाच्या यादीत असू शकते. ट्रॅमाडॉल हे याचं ठळक उदाहरण. पाठदुखीवर, ऑपरेशननंतरच्या वेदनांवर आपल्याकडे हे औषध वर्षानुवर्षं सर्रास दिलं गेलं. २०१८ साली भारत सरकारने ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं, पण लोकांच्या डोक्यात ती अजून दुखण्यावरची साधी गोळीच आहे. आखातात आणि इजिप्तमध्ये या औषधाचा नशेसाठी प्रचंड गैरवापर झाला, त्यामुळे तिथले कायदे फार कडक आहेत. २०१७ साली एक ब्रिटिश महिला आपल्या जोडीदाराच्या पाठदुखीसाठी २९० ट्रॅमाडॉल गोळ्या घेऊन इजिप्तला गेली. गोळ्या तिच्या नावच्या नव्हत्या, एका सहकाऱ्याने दिलेल्या होत्या. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि २०१९ च्या जानेवारीत ती सुटली. तिचा हेतू वाईट होता असं कुणी म्हणत नाही. पण विमानतळावरच्या अधिकाऱ्याला हेतू दिसत नाही, त्याला गोळ्या दिसतात.

ट्रॅमाडॉल एकटंच नाही. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आहेत. झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी दिलं जाणारं अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम आहे. फिट्सवर दिलं जाणारं क्लोबाझाम आणि फिनोबार्बिटोन आहे. ही सगळी आंतरराष्ट्रीय करारांखाली नियंत्रित औषधं आहेत. मधुमेहामुळे पायांची आग होते म्हणून आपले डॉक्टर प्रीगाबालिन देतात, तेही आखातातल्या काही देशांत नियंत्रित आहे. आणि औषध नसलेली पण आपल्या बॅगेत हमखास असणारी एक वस्तू म्हणजे खसखस. आपल्या मसाल्यात, शिऱ्यात, वाटणात खसखस असतेच. संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबियात ती निषिद्ध आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. दरवर्षी कुणी ना कुणी हे नव्याने शिकतं, आणि शिकण्याची जागा चुकीची असते.

हे ऐकल्यावर आपल्याकडे एक प्रतिक्रिया ठरलेली असते. तिकडचे कायदेच जुलमी, साध्या गोळीसाठी माणसाला आत टाकतात. मला हे पटत नाही. ज्या देशाने आपल्या तरुणांना एका गोळीच्या नादी लागताना पाहिलं आहे तो देश ती गोळी मोजून आत घेणारच. आणि हे फक्त अरब देशांत होतं असंही नाही. २०१५ साली टोयोटा कंपनीच्या एका अमेरिकी वरिष्ठ अधिकारी महिलेला टोकियोत अटक झाली, कारण अमेरिकेतून तिच्या नावे आलेल्या पार्सलमध्ये ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या गोळ्या होत्या. तिच्यावर खटला भरला गेला नाही, पण तिला सुमारे तीन आठवडे कोठडीत काढावे लागले आणि पद सोडावं लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीतल्या माणसाची ही गत, तर आपल्या वाडीतल्या वेल्डरला कोण विचारतो?

शिवाय या देशांनी दार बंद केलेलं नाही. अमिरातीत नियंत्रित औषध न्यायचं असेल तर निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून परवानगी घेता येते. सौदीतही तशी सोय आहे. डॉक्टरांची चिठ्ठी, आजाराचा अहवाल, पासपोर्ट आणि किती गोळ्या नेणार ते कळवायचं. व्हिएन्नातलं आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ प्रवाशांसाठी देशवार नियम प्रसिद्ध करतं. मोबाइलवर दिवसभर रील पाहणाऱ्या घरात एक तास बसून हे वाचणारा एक माणूस निघू नये? व्हिसासाठी आपण एजंटच्या दारात दहा चकरा मारतो. औषधाच्या परवानगीसाठी एक चकरही नको वाटते, कारण मुळात औषधाला परवानगी लागते हेच आपल्या कल्पनेत बसत नाही.

आणि ते का बसत नाही? कारण इथे आपल्याला कधी कुणी कागद मागितलाच नाही. मेडिकलवाला ओळखीचा असतो. "चाचांची नेहमीची गोळी दे" म्हटलं की तो पट्टी कापून चार गोळ्या देतो. कापताना औषधाचं नाव एका तुकड्यावर जातं आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर. घरी आल्यावर त्या गोळ्या एका प्लास्टिकच्या डबीत जमा होतात. कुठली कशाची हे अम्मीला रंगावरून माहीत असतं. पांढरी लहान रक्तदाबाची, गुलाबी साखरेची, पिवळी पित्ताची. हीच डबी घेऊन ती मुलाकडे निघते. आता कस्टमच्या माणसाने विचारलं की हे काय आहे, तर ती काय सांगणार? गुलाबी साखरेची?

चिठ्ठी असली तरी तिचा उपयोग होईलच असं नाही. अक्षर डॉक्टरांचं त्यांनाच लागावं असं. त्यात लिहिलेलं नाव कंपनीचं. डोलो किंवा क्रोसीन म्हटलं की आपल्याला कळतं, पण तिकडच्या फार्मासिस्टला पॅरासिटामॉल म्हणावं लागतं आणि अमेरिकेत गेलात तर त्यालाच असिटामिनोफेन म्हणतात. दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलला तिथे अल्ब्युटेरॉल हे नाव आहे. आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच गोळीत घालायची फार चाल आहे. साखरेच्या एका गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असतं, रक्तदाबाच्या एका गोळीत तीन औषधं असतात. तशीच गोळी परदेशात मिळेल याचा भरवसा नाही. आत काय काय आहे आणि किती मिलिग्रॅम आहे हे माहीत असेल तर तिथला डॉक्टर वेगवेगळ्या गोळ्या देऊन तेच औषध चालू ठेवू शकतो. नुसतं कंपनीचं नाव माहीत असेल तर तो हात वर करतो. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं असा नियम आपल्याकडे २०१६ साली वैद्यक परिषदेने केला आहे. तो आपण मागत नाही म्हणून पाळला जात नाही. डॉक्टरसाहेबांना "जरा नीट लिहून द्या" म्हणणं आपल्याला बेअदबी वाटते.

इन्सुलिनचं उदाहरण तर प्रत्येकाने ध्यानात ठेवावं असं आहे, कारण त्यात जिवाशी गाठ आहे. आपल्याकडे बाटलीत मिळणारं इन्सुलिन सहसा दर मिलिलिटरला ४० युनिट ताकदीचं असतं आणि त्यासाठी ४० ची सिरिंज वेगळी येते. आखातात, युरोपात, अमेरिकेत बाटली १०० युनिटची असते आणि सिरिंजही १०० ची. समजा चाचा इथून ४० च्या सिरिंजचं पाकीट घेऊन गेले, इथली बाटली संपली आणि तिथली १०० ची बाटली आणली. सवयीप्रमाणे त्यांनी आपल्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत औषध भरलं. खूण २० ची, पण अंगात जाणार ५० युनिट. अडीच पट डोस. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो, खोलीत एकटा असेल तर जीवही जाऊ शकतो. उपाय किती सोपा आहे पाहा. बाटली आणि सिरिंज दोन्ही एकाच देशाची, एकाच आकड्याची ठेवायची. नाही तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून पेनवर जायचं, कारण पेनमधलं नेहमीचं इन्सुलिन आपल्याकडेही १०० चंच असतं. आणि इन्सुलिन कधीही विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत टाकायचं नाही. ते गोठलं की वाया गेलं. हातातल्या बॅगेत ठेवायचं, सोबत डॉक्टरांचं पत्र ठेवायचं.

आता दुसऱ्याच्या सामानाविषयी. आमच्या भागात कुणी निघालं की चार घरांतून निरोप येतो. "आमच्या बाबल्याची गोळी तेवढी घेऊन जा, तिकडे फार महाग मिळते." "हकीमसाहेबांची पुडी आहे, गुडघ्यासाठी." निघणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर माणूस बदलला, पैसा आला तसा माज आला, असं ऐकावं लागतं. आणि पुडी तर पुडीच. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली करडी भुकटी, नाव नाही, चिठ्ठी नाही. ती खरोखर गुडघ्याची दवा असेलही. पण ते सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते, हकीमसाहेब गावात असतात.

२०१९ च्या जुलैमध्ये मुंबईचं एक तरुण जोडपं कतारला गेलं. जवळच्या नातलगाने दिलेल्या पाकिटात चार किलोच्या आसपास चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. बाई गरोदर होती, तिचं बाळंतपण तुरुंगात झालं. भारतातल्या तपास यंत्रणेने खरे धागे शोधून काढले, दोन्ही सरकारांमध्ये पत्रव्यवहार झाला, तेव्हा कुठे २०२१ च्या मार्चमध्ये त्यांची निर्दोष सुटका झाली. त्यांच्या मागे उभं राहणारं कुटुंब होतं, बातम्या झाल्या. ज्याच्या मागे कुणीच नाही त्याचं काय होत असेल?

या प्रकाराला आपण अमानत म्हणतो, म्हणून दोन शब्द त्यावर. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, आणि ती सांभाळणं हे इमानाचं लक्षण मानलं आहे. पण विश्वास दोन्ही बाजूंनी असतो. जो माणूस पाकीट उघडून दाखवायला तयार नाही त्याने तुमच्याकडे अमानत ठेवलेली नाही, तुमच्या गळ्यात जोखीम बांधली आहे. उघडून पाहतो म्हटल्यावर ज्याला राग येतो त्याचं पाकीट तर मुळीच घेऊ नये. आणि औषधाच्या बाबतीत माझं मत याहून कडक आहे. दुसऱ्याच्या नावचं औषध उघडून पाहिलं तरी नेऊ नये. सख्ख्या भावाचं असलं तरी. वैयक्तिक वापराची जी सवलत असते ती ज्याच्या नावची चिठ्ठी त्याच्यापुरती असते. "माझ्या भावाची आहे" हे वाक्य तिथे बचाव ठरत नाही, कबुली ठरतं.

इथवर जे सांगितलं ते माहितीचं. माहिती एका दुपारी मिळवता येते. खरी अडचण पुढे आहे, आणि ती म्हणजे लपवणं.

आखातात नोकरीला जायचं तर मेडिकल पास व्हावं लागतं. क्षयरोग, कावीळ, एचआयव्ही निघालं तर माणूस अनफिट ठरतो. त्या शिक्क्याची धास्ती एवढी आहे की ज्या आजारांनी व्हिसा जात नाही तेही लोक झाकून ठेवतात. साखर आहे हे फोरमनला सांगायचं नाही, खोलीतल्या पोरांना सांगायचं नाही, कंपनीच्या दवाखान्यात तर मुळीच नाही. मग सुट्टीवर आल्यावर दहा महिन्यांच्या गोळ्या एकदम न्यायच्या, चिठ्ठीशिवाय, मोज्यांत लपवून. गोळ्या संपल्या की पुढचा माणूस येईपर्यंत औषध बंद. दहा महिने साखर तपासायची नाही. मग एक दिवस पायाची जखम भरत नाही म्हणून कळतं.

या माणसांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ज्याच्या पगारावर सहा तोंडं आहेत त्याला नोकरीची भीती वाटणारच. पण हिशेब तरी नीट करू. अमिरातीत २०२५ च्या सुरुवातीपासून सगळ्याच खासगी नोकरदारांना आणि घरकामगारांना मालकाने आरोग्य विमा देणं सक्तीचं झालं आहे. दुबई-अबुधाबीत तो आधीपासून होता. सौदीतही खासगी कंपन्यांना विमा द्यावा लागतो. आजार आधीच सांगितला असेल तर विम्यातून औषधाची काहीतरी सोय लागते. लपवला आणि नंतर उघडा पडला तर विमा कंपनी दावा फेटाळायला मोकळी. म्हणजे नोकरी वाचवण्यासाठी जी गोष्ट झाकली तीच पुढे नोकरी आणि पाय दोन्ही घेऊन जाते.

मुलींच्या बाबतीत हे लपवणं जास्त क्रूर होतं. एखाद्या मुलीला लहानपणी फिट्स यायच्या, रोज एक गोळी घेऊन ती दहा वर्षं ठणठणीत आहे, शिकली आहे, नोकरीही करते. स्थळ येतं परदेशातलं. घरातली मोठी माणसं ठरवतात की सांगायचं नाही. निकाह होतो. बॅगेत चाळीस जोड कपडे, सोनं, अत्तर, आणि गोळ्या? गोळ्या ठेवल्या तर नवरा विचारेल कशाच्या. म्हणून एक तर त्या जीवनसत्त्वाच्या डबीत भरल्या जातात, नाही तर फुफी सांगते, "आता कुठे येतात तुला? सोडून दे." फिट्सची गोळी एकाएकी सोडली तर झटके उलटून येतात, थांबत नाहीत, माणूस दगावू शकतो. हे कुठलाही डॉक्टर सांगेल. घरापासून हजारो मैल दूर, भाषा नवी, नवरा नवा, आणि मुलीला रात्री उठून चोरून गोळी खावी लागते. हेच उदासीच्या, घाबरेपणाच्या औषधांचं. मनाच्या आजाराची गोळी म्हणजे आपल्याकडे वेडाची गोळी, ती कुणाला दिसता कामा नये.

डबी बदलणं हा गुन्ह्याला निमंत्रण देणारा प्रकार आहे. जीवनसत्त्वाच्या डबीत क्लोबाझाम सापडलं तर त्याला तस्करीशिवाय दुसरा अर्थ काय लावतील? पण त्याहून मोठी गोष्ट अशी की जे नातं एका गोळीची डबी सहन करू शकत नाही ते नातं आपण कशाला जोडतो आहोत? निकाहाआधी दोन्हीकडच्यांनी एकमेकांना आजार सांगावेत. सांगितल्यावर मोडणारं स्थळ मोडू द्यावं. इंग्लंडमध्ये फिट्सवर कायम औषध घेणाऱ्याला आणि औषधावर असलेल्या मधुमेह्याला प्रमाणपत्र मिळतं, त्यांना चिठ्ठीवरच्या औषधांचे पैसे पडत नाहीत. त्यासाठी तिथल्या डॉक्टरकडे नाव नोंदवून आजार सांगावा लागतो. ज्या देशात सरकार त्या मुलीला औषध फुकट द्यायला बसलं आहे तिथे ती आपल्याच घरात चोरासारखी गोळी खाते.

यावर काहीजण तवक्कुलचं नाव काढतात. अल्लाहवर भरोसा ठेवा, काही होत नाही. भरोसा ठेवावाच. पण उंट आधी बांध आणि मग भरोसा ठेव ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चिठ्ठी घेणं, नाव वाचणं, परवानगी काढणं हे उंट बांधणंच आहे. आजारावर दवा करण्याची तर आपल्याला ताकीद आहे. दवा करणं लाजेचं असतं तर ती ताकीद कशाला दिली असती?

आता एक तुलना करतो, ती वाचकांनी मनावर घ्यावी. आपल्या गावातून कुणी हजला निघालं की त्याच्यासाठी तरबियत कॅम्प होतात. मशिदीत, शादीखान्यात, जिल्ह्याच्या ठिकाणी. अहराम कसा बांधायचा इथपासून लस कधी टोचायची, कुठली औषधं सोबत ठेवायची, बॅगेत काय चालत नाही इथपर्यंत सगळं समजावून सांगतात. अनुभवी हाजी पुढे येऊन बोलतात. लोक वही घेऊन बसतात. सुमारे चाळीस दिवसांच्या प्रवासासाठी एवढी तयारी, आणि ती व्हायलाच हवी. पण वीस वर्षांसाठी जाणाऱ्या पोरासाठी काय? त्याच्यासाठी एजंट, फोटोग्राफर आणि बिर्याणी.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. परराष्ट्र मंत्रालयाचं प्रस्थानपूर्व प्रशिक्षण आहे. पण ते मुख्यतः इमिग्रेशन तपासणीच्या पासपोर्टवाल्यांसाठी चालतं, आणि आपली बहुतेक मुलं दहावी पास असल्याने त्या तपासणीतून वगळली जातात. म्हणजे शिकला म्हणून प्रशिक्षणाच्या वाटेला गेला नाही, आणि प्रशिक्षणाच्या वाटेला गेला नाही म्हणून साध्या गोष्टी कळल्या नाहीत. ही फट सरकार भरेल तेव्हा भरेल, जमातीला ती उद्या भरता येईल. प्रत्येक मोठ्या गावात एक तरी डॉक्टर आहे, एक मेडिकलवाला आहे, आणि सुट्टीवर आलेली चार माणसं आहेत. महिन्यातून एका रविवारी दोन तास बसलं तरी पुरे. निघणाऱ्याने आपली पिशवी घेऊन यायची आणि सगळ्यांसमोर नको असेल तर आतल्या खोलीत डॉक्टरांना दाखवायची. बायकांसाठी बाईमाणूस असावी. याला खर्च नाही. तालुक्याला हायस्कूल, मदरसे, रुग्णवाहिका उभ्या करणाऱ्या जमातींना हे जड जायचं कारण नाही.

तोवर प्रत्येक घराला करता येईल अशा गोष्टी थोड्याच आहेत. निघायच्या किमान एक महिना आधी डॉक्टरांकडे जाऊन पत्र घ्यायचं. त्यात पासपोर्टवरचं नाव, आजार, औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा, हे इंग्रजीत टाइप केलेलं हवं. त्या देशाची यादी पाहून नियंत्रित औषध असेल तर परवानगी काढायची, आणि ते टाळता येत असेल तर डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्यायचं. नव्या औषधाची सवय इथे असतानाच झालेली बरी. गोळ्या मूळ पट्टीत, मूळ खोक्यात, बिलासकट ठेवायच्या. किती न्यायच्या? वर्षाचा साठा नाही. अमेरिका, ऑस्ट्रेलियासारखे देश साधारण तीन महिन्यांपर्यंतचं औषध स्वतःसाठी आणू देतात, नियंत्रित औषधांना बऱ्याच ठिकाणी एकच महिना मिळतो, जपान साध्या चिठ्ठीच्या औषधांनाही एकच महिना देतो. तेवढ्या काळात तिथला डॉक्टर गाठायचा. पंधरवड्याची औषधं हातातल्या बॅगेत असू द्यायची, कारण मोठी बॅग हरवते तेव्हा लोणच्यासकट हरवते. मसाला खसखशीशिवाय कुटायचा. आणि पत्राचा फोटो घरातल्या एका माणसाच्या मोबाइलवर ठेवायचा.

एवढं करूनही तिकडे आजार येतील, औषधं महाग मिळतील, माणसं एकटी पडतील. परदेश हा परदेशच. पण ज्या त्रासाला आपली बेफिकिरी आणि आपली लाज कारण आहे तो तरी टळेल. कमावण्यासाठी आपण माणूस पाठवतो. तो धडधाकट परत यावा एवढी तजवीज त्याच्या बॅगेत करणं हे मागे राहणाऱ्यांचं काम आहे, आणि त्यासाठी आधी त्याच्या आजाराचं नाव घरात मोठ्याने घेता आलं पाहिजे.